हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ : खानदेशातील धावपट्ट्यांच्या निमित्ताने

जळगावच्या विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे ३२० किलोमीटर आहे. या मार्गावर वापरात आलेले एटीआर जातीचे विमान पूर्ण उंचीवर पोचल्यावर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्रैराशिक मांडल्यास उत्तर ३८ मिनिटे येते. वेळापत्रकात मात्र याच प्रवासासाठी एका तासाहून अधिक अवधी धरलेला आढळतो, आणि जळगावच्या नवी पेठेतून निघालेला मनुष्य पुण्याच्या शिवाजीनगरात पोचेपर्यंत चार तासांच्या आसपास वेळ गेलेला असतो. ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. परंतु कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे न पाहिल्यामुळे हवाई सेवेविषयीच्या चर्चेत गल्लत होते. मागणीच्या निवेदनात अडतीस मिनिटे लिहिली जातात, टीकाकार चार तासांवर बोट ठेवतात आणि मधल्या सत्तर मिनिटांचा खर्च शासन, विमान कंपनी व प्रवासी हे तिघे मिळून उचलीत असतात. विमानतळ, धावपट्टी वा हेलिपॅड यांची मागणी आता तालुका पातळीवरूनही होऊ लागली आहे. अशा वेळी अंतर आणि वेळ यांचा हिशेब कसा मांडावयाचा, हे खानदेशातील उदाहरणांवरून पाहणे उपयुक्त ठरेल.

दोन धावपट्ट्यांची पूर्वपीठिका

जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करण्यात आले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा वेगळा निघाला. जळगाव व धुळे या दोन्ही जिल्हा ठिकाणांच्या धावपट्ट्या सार्वजनिक बांधकाम खात्याने जवळजवळ एकाच सुमारास बांधल्या. जळगावची १९७३ मध्ये, तर धुळ्यानजीक गोंदूर येथील १९७४ मध्ये. त्या काळी त्यांचा उपयोग मुख्यतः मान्यवरांच्या व अधिकाऱ्यांच्या छोट्या विमानांपुरता होता.

पुढे मात्र दोघींचे मार्ग निराळे झाले. जळगावची धावपट्टी एप्रिल १९९७ मध्ये नगरपालिकेकडे आणि एप्रिल २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आली. जुलै २००९ मध्ये राज्य शासनाने तिच्या विकासासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार केला. जून २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती श्रीमती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली आणि २३ मार्च २०१२ रोजी त्यांच्याच हस्ते नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. राष्ट्रपतिपदावरील व्यक्तीने आपल्याच जिल्ह्यातील विमानतळाचा पाया घालावा व तो खुलाही करावा, हा योग विरळाच होय.

तथापि उद्घाटनानंतर नियमित प्रवासी विमान उतरण्यास पाच वर्षांहून अधिक काळ जावा लागला. ‘उडान’ या केंद्रीय योजनेखाली २३ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई-जळगाव सेवा एकोणीस आसनी वर्गातील लहान विमानाने सुरू झाली; ती थोड्याच महिन्यांत खंडित झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये अहमदाबादचा मार्ग जोडला गेला व तोही पुढे बंद पडला. २०२४ या वर्षी गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबई या मार्गांवर पुन्हा सेवा सुरू झाल्या. इमारत उभी असणे आणि विमान येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या घटनाक्रमावरून दिसतेच. शिवाय विमान येत राहणे ही तिसरीच गोष्ट आहे.

नकाशावरून अंतर कसे काढावे

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले लघुतम अंतर. पृथ्वी गोल असल्याने ही रेषा वस्तुतः एका मोठ्या वर्तुळाचा कंस असते. मुंबईहून अमेरिकेला निघालेले विमान नकाशावर उत्तरेकडे वाकडे गेल्यासारखे दिसते, ते याच कारणाने. सपाट कागदावर वाकडी दिसणारी ती वाट गोलावर सर्वांत जवळची असते. आपल्या जिल्ह्यांपुरती मात्र ही चिंता करण्याचे कारण नाही. धुळे व जळगाव जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. या दोहोंमध्ये अक्षवृत्ताला धरून गेले काय आणि महावृत्ताच्या कंसावरून गेले काय, नव्वद किलोमीटरमध्ये पडणारा फरक एका वितीहूनही कमी भरतो.

शाळेतील नकाशासंग्रह आणि त्रिकोणमितीचे कोष्टक एवढ्यावर हे गणित नववी-दहावीच्या वर्गात सहज करून दाखविता येईल. जळगाव विमानतळ २० अंश ५८ मिनिटे उत्तर अक्षांश व ७५ अंश ३८ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लोहगाव १८ अंश ३५ मिनिटे उत्तर व ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व येथे आहे. अक्षांशांतील फरक २ अंश २३ मिनिटे, म्हणजे १४३ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, असा हा सोयीचा संबंध आहे. म्हणूनच वैमानिक आजही सागरी मैलातच मोजतात. रेखांशांतील फरक १०३ मिनिटे. रेखावृत्ते ध्रुवाकडे एकमेकांजवळ येत जातात, म्हणून या संख्येस दोन्ही ठिकाणांच्या मधल्या अक्षांशाच्या कोज्येने, म्हणजे ०.९४१ ने गुणावे. येतात ९७ सागरी मैल. आता १४३ आणि ९७ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. कर्ण सुमारे १७३ सागरी मैल, १.८५२ ने गुणल्यावर ३२० किलोमीटर.

विमान पाच-सहा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर बरेच वाढत असेल, अशी शंका विद्यार्थी हमखास काढतात. शंका चांगली आहे, पण पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येपुढे पाच किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. ३२० किलोमीटरमध्ये त्यामुळे पाव किलोमीटरच्या आसपास भर पडते.

वळशाचा हिशेब

हवाई अंतर एकट्याने फारसे काही सांगत नाही. जमिनीवरून जावे लागणाऱ्या अंतराशी त्याची तुलना केली, की ते बोलके होते.

मुंबईचे उदाहरण घेऊ. जळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३५५ किलोमीटर आहे. लोहमार्गाने हेच अंतर ४२० किलोमीटर भरते. नकाशावर जळगाव आणि मुंबई यांना जोडणारी पट्टी ठेवून पाहावी. तिची कड चाळीसगाव, मनमाड आणि इगतपुरी यांच्या जवळूनच जाते. म्हणजे एकोणिसाव्या शतकात आखलेला हा लोहमार्ग घाट ओलांडूनही सरळ रेषेपासून फारसा ढळलेला नाही. हवाई अंतराच्या मानाने तो केवळ १८ टक्क्यांनी लांब आहे. शिवाय रात्री जळगावात गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरता येते. या प्रवासात खर्च होणारा वेळ झोपेचा असतो, कामाचा नव्हे. जळगाव-मुंबई विमानाची खरी स्पर्धा रस्त्यावरील बसशी नसून रात्रीच्या गाडीशी आहे, आणि ती सोपी स्पर्धा नाही.

पुणे मुंबईपेक्षा जवळ, परंतु स्थिती उलट. लोहमार्गाने जावयाचे तर मनमाडला वळून दौंडमार्गे जावे लागते व अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या घरात जाते. म्हणजे हवाई अंतराच्या जवळजवळ दीडपट. रस्ता अजिंठ्याचा डोंगर ओलांडून छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर मार्गे सुमारे चारशे किलोमीटरचा आहे आणि त्यास आठ-नऊ तास लागतात. म्हणून विमानाने वाचणारा वेळ जवळच्या पुण्याला अधिक आणि दूरच्या मुंबईला कमी, असा निष्कर्ष निघतो. ज्या मार्गावर जमिनीवरचा वळसा मोठा, तेथे विमानाचे मोल मोठे. नव्या मार्गाची मागणी करताना किलोमीटरच्या आकड्यासोबत हे प्रमाण अवश्य द्यावे, असे वाटते.

आता धुळे-जळगाव. गोंदूर आणि जळगाव विमानतळ यांतील हवाई अंतर सुमारे ९० किलोमीटर आहे. लोहमार्गाने धुळ्याहून चाळीसगावला येऊन मग जळगावकडे जावे लागते, त्यामुळे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास होते. वळशाचे प्रमाण येथे पुण्याहूनही अधिक आहे. तरीदेखील या दोन ठिकाणांदरम्यान प्रवासी विमान कोणी सुचविणार नाही, कारण पारोळा-एरंडोलवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग जवळजवळ नाकासमोर जातो आणि अंतर ९५ किलोमीटरच्या आसपास ठेवतो. कागदावर ताशी ५०० किलोमीटर वेगाने ९० किलोमीटरला ११ मिनिटे लागतात. पण तो वेग गाठावयाचा केव्हा? विमान पुरते वर चढण्याआधीच त्याला उतरण्याची तयारी करावी लागेल. आणि विमानतळावर जाणे, तपासणी, थांबणे यांतच दोन तास गेलेले असतील, तेवढ्यात एस. टी. धुळ्याहून निघून जळगावच्या स्थानकावर उभी राहते.

चाकांच्या ठोकळ्यांपासून ठोकळ्यांपर्यंत

उभ्या विमानाच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हालले तेथपासून, दुसऱ्या ठिकाणी पोचून ठोकळे पुन्हा लावले जाईपर्यंतचा काळ हा वेळापत्रकातील प्रवासाचा काळ होय. अडतीस मिनिटांची सत्तर कशी होतात, याचे उत्तर या व्याख्येतच आहे.

प्रथम इंजिने सुरू करून धावपट्टीच्या टोकापर्यंत जावयाचे. जळगावसारख्या ठिकाणी हे थोडक्यात आटोपते. मोठ्या विमानतळावर रांग असते. नंतर चढण. या काळात विमानाचा वेग पूर्ण नसतो. उतरतानाही तसेच. दहा हजार फुटांच्या खाली वेगावर २५० सागरी मैलांची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. मोठे जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने उडते खरे, पण तीन-साडेतीनशे किलोमीटरच्या पल्ल्यावर त्याला हा वेग वापरावयास सवडच मिळत नाही. पंखे लावलेले एटीआर या पल्ल्यावर जेटपेक्षा पाच-दहा मिनिटेच मागे राहते, इंधन मात्र पुष्कळ कमी खाते आणि जळगावच्या पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या धावपट्टीवर उतरूही शकते. जुन्या पद्धतीचे पंखे पाहून काही प्रवासी नाराज होतात. त्यांनी नाराज होण्याचे कारण नाही.

विमान सरळ रेषेतही जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग व ठरलेले बिंदू असतात, त्यांवरून जावे लागते. लोहगाव हा भारतीय वायुदलाचा तळ असून नागरी विमानांना तेथील वेळ व आकाश वायुदलासोबत वाटून घ्यावे लागते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदणाऱ्या असल्याने साधारणतः एका वेळी एकीचाच वापर होतो, व आलेल्या विमानाला पुष्कळदा आकाशातच घिरट्या घालीत आपल्या क्रमाची वाट पाहावी लागते. यांखेरीज विमान नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरविले जाते. जळगावची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तेव्हा नैर्ऋत्येकडून, म्हणजे पुण्याकडून, आलेल्या विमानाला गाव ओलांडून पूर्वेस जावे लागते आणि वळून पश्चिमेकडे तोंड करून उतरावे लागते. खिडकीतून आपले घर दिसले तरी आणखी दहा मिनिटे का लागतात, असे विचारणाऱ्या जळगावकरांना हे उत्तर आहे.

वाऱ्याविषयी एक सार्वत्रिक समजूत अशी की, जाताना लागलेला अधिक वेळ येताना भरून निघतो. तसे होत नाही. ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून असता ३२० किलोमीटरला ४२.७ मिनिटे लागतात, मागून असता ३४.९. दोहोंची बेरीज ७७.६, वाराच नसता तर ती ७६.८ झाली असती. येथे फरक मिनिटाहून कमी आहे, परंतु तोटा नेहमी प्रवाशाचाच. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, हे त्याचे कारण. गणिताच्या शिक्षकांनी सरासरी वेग शिकविताना नावेचे जुने उदाहरण आहेच; त्यास हे जोडून पाहावे.

वैशाखातील हवा

खानदेशच्या उन्हाळ्याचे वर्णन येथील वाचकांसाठी करण्याची गरज नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. याचा विमानाशी फार निकटचा संबंध आहे. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. विमानाचे पंख हवेवर रेलून उभे असतात आणि इंजिनही हवाच पिऊन चालते. दोघांनाही नऊ टक्के माल कमी मिळतो. जमिनीवरून उचलले जाण्यासाठी विमानाला सुमारे पाच टक्के अधिक वेग घ्यावा लागतो, आणि हा वेग नेमका अशक्त झालेल्या इंजिनांनी गाठावयाचा असतो. त्यामुळे धावपट्टी अधिक लांब लागते. ती तर लांबविता येत नाही. मग भार कमी करावा लागतो. म्हणजे काही आसने रिकामी ठेवणे, किंवा सामान मागे ठेवणे, किंवा इंधन मोजके घेणे. यांवर उपाय म्हणजे वेळापत्रकच सकाळी वा सायंकाळी ठेवणे. भर दुपारी सोईचे वाटणारे विमान मे महिन्यात कंपनीला आतबट्ट्याचे का ठरते, हे यावरून लक्षात यावे.

हिवाळ्यात अडचण निराळी. तापीच्या खोऱ्यात पहाटे धुके धरते. ज्या विमानतळावर उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसते, तेथे उतरण्यासाठी पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसणे आवश्यक असते. तेवढे दिसत नसेल तर विमान सुटत नाही, किंवा येऊन परत जाते. अशा वेळी ३८ मिनिटांचा प्रवास अनिश्चित होतो, आणि अनिश्चितता ही प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत महाग वस्तू आहे. दुपारी मुंबईत उच्च न्यायालयात उभे राहावयाचे असलेला पक्षकार आदल्या रात्रीच्या गाडीने जाणे पसंत करतो, ते विमानाच्या वेगाविषयी त्याच्या मनात शंका असते म्हणून नव्हे. ते येईलच याची त्याला खात्री हवी असते.

उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत

आता चार तासांचा हिशेब. जळगावचा विमानतळ शहरापासून जवळ, कुसुंबे गावालगत, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर आहे. शहरातून वीस मिनिटे धरू. उड्डाणापूर्वी सव्वा तास पोचणे व तपासणी. विमानाचा प्रवास सत्तर मिनिटे. पुण्यास उतरून सामान मिळण्यास पंचवीस मिनिटे व पुण्याच्या रहदारीतून मुक्कामी पोचण्यास पाऊण तास. बेरीज तीन तास पंचावन्न मिनिटे. यात प्रत्यक्ष सरळ उडण्याचा काळ एक षष्ठांशाहूनही कमी भरतो. रस्त्याने लागणाऱ्या आठ-नऊ तासांच्या तुलनेत तरीही निम्म्याहून अधिक बचत होते, हे मान्य केले पाहिजे.

हीच बेरीज चोपड्याच्या वा रावेरच्या प्रवाशासाठी केली, तर आरंभीच्या वीस मिनिटांच्या जागी दीड-दोन तास लिहावे लागतात. धुळ्याच्या प्रवाशाचे गणित तर चमत्कारिकच होते. त्याला मुंबईस जावयाचे असेल तर प्रथम मुंबईकडे पाठ करून दोन तास पूर्वेस यावे लागेल, मग विमानात बसून तेवढेच पश्चिमेस परत जावे लागेल. मुंबई-आग्रा महामार्ग त्याच्या दारातून जातो व मुंबई तेथून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. दिल्लीस जावयाचे असल्यास त्याला ओझरचा नाशिक विमानतळ १४० किलोमीटरच्या आत सापडतो. म्हणून ‘खानदेशास विमानतळ मिळाला’ हे वाक्य जळगाव, भुसावळ, जामनेर व परिसराच्या बाबतीत जितके खरे आहे, तितके साक्री-शिरपूरच्या बाबतीत नाही. विमानतळाचे सेवाक्षेत्र जिल्ह्याच्या सीमेवरून ठरत नसून रस्त्यांवरून ठरते.

आणखी एक काळ असतो, जो कोणत्याच वेळापत्रकात छापलेला नसतो. विमान आठवड्यातून तीनच दिवस असेल आणि काम मंगळवारी निघाले असेल, तर गुरुवारपर्यंत थांबावे लागते. त्या दोन दिवसांपुढे वाचलेले पाच तास हास्यास्पद ठरतात. पहाटे बिघडलेल्या रुग्णाला हलविण्याचा प्रश्न असतो तेव्हा तर आठवड्याचे विमान काहीच उपयोगाचे नसते. तेथे धावपट्टी उपलब्ध असणे आणि रुग्णविमान केव्हाही उतरू शकणे, एवढ्याचेच महत्त्व. प्रवासी सेवा नसलेली धावपट्टीही नीट राखली पाहिजे, असे म्हणण्यास हे एकच कारण पुरेसे आहे.

मालाच्या बाबतीत हीच कसोटी लावावी. सावदा-रावेरची केळी हवाई मार्गाने दिल्लीस जाण्याची कल्पना आकर्षक वाटते. परंतु कच्ची तोडलेली केळी पिकण्यास दिवस लागतात आणि रेल्वेच्या वाघिणी त्या दिवसांत बसतात. वाचलेल्या तासांचे मोल मालाच्या किमतीहून मोठे होत असेल, तेव्हाच माल विमानात चढतो. जळगावचे सोने चढेल, केळी नव्हे.

अंतरावर ठरणारा पैसा

‘उडान’ योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. ही योजना आखताना सुमारे ५०० किलोमीटरचा, म्हणजे एका तासाचा, हवाई प्रवास २,५०० रुपयांत व्हावा, असे सूत्र धरण्यात आले. ५०० किलोमीटर बरोबर एक तास, हे समीकरण सूत्रापुरते ठीक. मागील विवेचनावरून ते घड्याळाशी जुळणार नाही हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. योजनेतील सवलतीची कमाल भाडी अंतराच्या टप्प्यांनुसार ठरविली गेली. त्या भाड्यात कंपनीचा खर्च भागत नाही, त्यासाठी मर्यादित काळापर्यंत तूट भरून देण्यात येते. या तुटीतील २० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांनी उचलावयाचा असतो. विमान-इंधनावरील मूल्यवर्धित कर एक टक्क्यापर्यंत खाली आणणे, सुरक्षा व अग्निशमन व्यवस्था विनामूल्य देणे आणि पाणी-वीज सवलतीने देणे, याही जबाबदाऱ्या राज्याकडे आहेत.

हे साहाय्य मार्ग सुरू झाल्यापासून तीन वर्षे मिळते. त्यानंतर मार्ग आपल्या पायावर उभा राहावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे तीन वर्षांत प्रवाशांना विमानाची सवय व्हावयास हवी, आणि सवय होण्यासाठी ते ठरल्या दिवशी ठरल्या वेळी यावयास हवे. जळगावच्या आधीच्या दोन्ही मार्गांना ही सवय लावण्यास पुरेसा काळ मिळाला नाही. मार्ग निवडताना केवळ शहराचे नाव मोठे आहे म्हणून तो मागण्याऐवजी, वळसा किती वाचतो आणि रात्रीची गाडी आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ग्रामपंचायतींच्या हाती असलेली मिनिटे

उतरू लागलेल्या विमानाला धावपट्टीवर पक्ष्यांचा थवा दिसल्यास वैमानिक विमान पुन्हा वर नेतो, वळसा घेतो व नव्याने उतरतो. यात दहा-पंधरा मिनिटे जातात. पक्षी इंजिनात शिरल्यास वेळेचा प्रश्नच उरत नाही; विमान दुरुस्तीसाठी तेथेच उभे राहते, व त्याच विमानाने पुढे करावयाच्या दिवसभराच्या फेऱ्या रद्द होतात. घारी आणि बगळे धावपट्टीकडे येतात ते आजूबाजूस टाकलेल्या उकिरड्यामुळे व उघड्यावरील कातडी-मांसाच्या कचऱ्यामुळे. म्हणून विमान नियम, १९३७ यांतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापणे, सोलणे व पशुपक्ष्यांना आकर्षित करील असा केरकचरा टाकणे यांस मनाई केलेली आहे. दहा किलोमीटर हे अंतर लहान नाही. जळगाव शहराचा बहुतेक भाग आणि भोवतालची कितीतरी गावे त्यात येतात. कचरा टाकण्याची जागा ठरविताना हा नियम ग्रामपंचायतीच्या सभेत वाचून दाखविला जावा.

उंचीचेही तसेच. धावपट्टीच्या रोखाने येणाऱ्या वाटेत उभारलेला मनोरा, पाण्याची उंच टाकी वा मजल्यावर चढविलेला मजला यामुळे विमानाला अधिक उंचावरून यावे लागते, आणि मग धावपट्टीचा आरंभीचा भाग वाया जातो. पावणेदोन किलोमीटरमधून शे-दोनशे मीटर असे हरवले, तर वैशाखातील जे गणित वर मांडले आहे ते आणखी बिघडते. विमानतळ प्राधिकरणाने यासाठी रंगीत पट्ट्यांचे नकाशे तयार करण्याची पद्धत ठेवली असून, कोणत्या पट्ट्यात किती उंचीपर्यंत स्थानिक संस्था स्वतः परवानगी देऊ शकते व कोठे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, हे त्यांवरून समजते.

गोंदूरचे विद्यार्थी

धुळ्याच्या धावपट्टीवर प्रवासी विमाने येत नसली, तरी ती ओस नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब ही १९२८ पासूनची संस्था, जे. आर. डी. टाटा यांनी भारतातील पहिला वैमानिक परवाना १९२९ मध्ये मिळविला तो येथेच, जुहूला शिकून. जुहूचे आकाश मुंबईच्या विमानांनी व्यापले, तेव्हा उड्डाण-प्रशिक्षणासाठी या संस्थेने गोंदूरची मोकळी धावपट्टी निवडली. शिरपूर तालुक्यातही वैमानिक-प्रशिक्षणाची धावपट्टी आहे. ज्या निवांतपणामुळे गोंदूर प्रवासी सेवेस अयोग्य ठरते, तोच निवांतपणा शिकाऊ वैमानिकाला हवा असतो.

व्यावसायिक परवान्यासाठी विद्यार्थ्याला दोनशे तासांचे उड्डाण पुरे करावे लागते. त्यात एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, आणि वाटेत दोन निराळ्या विमानतळांवर उतरून केलेला असावा लागतो. निघण्यापूर्वी तो नकाशावर रेघ मारतो, अंतर मोजतो, वारा विचारतो आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटे लागतील ते लिहून ठेवतो. त्याच्या लहान विमानाचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या जवळपास असतो. गोंदूर ते जळगाव हा नव्वद किलोमीटरचा टप्पा त्याच्या कागदावर २७ मिनिटांचा भरतो. खाली उतरल्यावर प्रत्यक्ष लागलेली मिनिटे तो शेजारच्या रकान्यात लिहितो, आणि दोन आकड्यांत फरक का पडला हे त्याला आपल्या शिक्षकास समजावून सांगावे लागते.